द्रोणाचार्य नको, एड टेम्पल हवा!

आमच्या वस्तीमागच्या रस्त्यावर रोज पहाटे पाच वाजता पोरं-पोरी पळतात. पोलीस भरतीची तयारी चालू असते. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर. घड्याळ म्हणजे मोबाईल, ट्रॅक म्हणजे डांबरी रस्ता आणि प्रशिक्षक म्हणजे मागच्या भरतीत दोन गुणांनी हुकलेला थोरला भाऊ. मागच्या वर्षी त्यातले काही जण निवडले गेले म्हणून विहारात छोटा सत्कार ठेवला होता. पाहुणे म्हणून आलेले एक निवृत्त अधिकारी भाषणात म्हणाले, "तुमच्या लोकांच्या अंगातच काटकपणा असतो. मैदान तुमचंच आहे!" टाळ्या पडल्या. मी मात्र टाळी वाजवू शकलो नाही.

का? कारण ही स्तुती नाही, हा जुनाच सिद्धांत आहे. अंगमेहनत यांच्या रक्तात, बुद्धी त्यांच्या रक्तात. चातुर्वर्ण्याने आपल्याला जे सांगितले तेच आज गोड शब्दांत सांगितले जाते. शिवाय या वाक्यात एक चलाखी दडलेली आहे. गुण जर अंगातच असेल तर मैदान, बूट, प्रशिक्षक, खुराक, शिष्यवृत्ती यांपैकी काहीच द्यायची गरज उरत नाही. जिंकलात तर निसर्गाची कृपा, हरलात तर तुमचा आळस. व्यवस्था दोन्हीकडून मोकळी!

मित्रांनो, या सिद्धांताला इतिहासाने कधीच उत्तर दिलेले आहे. ते उत्तर अमेरिकेच्या दक्षिणेत, वंशभेदाच्या कायद्यांखाली चालणाऱ्या एका गरीब कॉलेजच्या मातीच्या ट्रॅकवर लिहिले गेले. आपल्या तरुणांना विल्मा रुडॉल्फचे नाव कदाचित माहीत असेल. पोलिओ झालेली मुलगी ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदके जिंकते, अशी प्रेरणादायी गोष्ट व्हॉट्सॲपवर फिरत असते. पण त्या गोष्टीत कॉलेज नसते, प्रशिक्षक नसतो, सोबतच्या मुली नसतात आणि वंशभेद तर नसतोच नसतो. उरते ती फक्त 'जिद्द'. जिद्द फुकट असते ना, म्हणून व्यवस्थेला ती फार आवडते.

तर आज जिद्दीची नाही, बांधणीची गोष्ट सांगायची आहे.

गुलामगिरी संपल्यावर दक्षिणेतल्या राज्यांनी गोऱ्यांच्या कॉलेजांची दारे कृष्णवर्णीयांना बंदच ठेवली. म्हणून वेगळी ब्लॅक कॉलेजे उभी राहिली. अलाबामात १८८१ साली टस्कीगी सुरू झाले. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहरात १९१२ साली जी संस्था सुरू झाली, तिलाच आज आपण टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटी म्हणतो. या संस्था अपमानातून जन्मल्या होत्या, पण त्यांच्या भिंतींच्या आत आपल्या माणसांना शिकवणारी आपली माणसे होती. पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढताना बाबासाहेबांच्या मनात जी गरज होती, त्याच जातीची ही गरज. ब्लॅक लढ्याकडे बाबासाहेबांचे लक्ष होते, हे आपल्याला माहीत आहे. १९४६ साली त्यांनी डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रसंघाकडे जाणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या अर्जाची प्रत मागितली होती.

टस्कीगीत क्लीव्हलँड ॲबट नावाचे क्रीडासंचालक होते. १९२० च्या दशकातच त्यांनी तिथे मैदानी स्पर्धा सुरू केल्या आणि लवकरच त्यात मुलींच्या शर्यती घातल्या. हा काळ लक्षात घ्या. तेव्हा अमेरिकेतल्या गोऱ्या कॉलेजांतल्या व्यायामशिक्षिकाच म्हणत होत्या की चुरशीच्या स्पर्धा बायकांच्या तब्येतीला आणि शालीनतेला बऱ्या नाहीत. १९२८ च्या ऑलिम्पिकनंतर महिलांची ८०० मीटरची शर्यत 'बायकांना झेपत नाही' म्हणून काढून टाकली गेली, ती थेट १९६० साली परत आली. गोऱ्या भद्रलोकांनी जे मैदान मोकळे सोडले, तिथे ब्लॅक कॉलेजांनी आपल्या मुली उतरवल्या. १९३७ साली टस्कीगीच्या मुलींनी राष्ट्रीय सांघिक विजेतेपद पटकावले आणि पुढची अनेक वर्षे ते जवळजवळ हातचे जाऊ दिले नाही. टस्कीगीत घडलेली ॲलिस कोचमन १९४८ साली लंडनमध्ये उंच उडीत जिंकली. ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय स्त्री. इंग्लंडच्या राजाने तिला पदक दिले. आणि तिच्या गावी, जॉर्जियातल्या ऑल्बनीत काय झाले? सत्काराच्या सभागृहात गोरे एका बाजूला, काळे दुसऱ्या बाजूला. गोऱ्या महापौराने तिच्याशी हस्तांदोलनही केले नाही. राजाला विटाळ झाला नाही, महापौराला झाला! हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला पुण्यातले दिवस आठवले पाहिजेत. बाळू पालवणकर गोलंदाजीला लागत होते, पण चहा मात्र त्यांना बाहेर, वेगळ्या भांड्यात मिळत होता.

ॲबट यांची मुलगी जेसी १९४० च्या दशकात नॅशव्हिलला गेली आणि टेनेसी स्टेटमध्ये तिने मुलींचा धावण्याचा संघ सुरू केला. म्हणजे मूळ रोप टस्कीगीचे होते. एका ब्लॅक संस्थेने दुसऱ्या ब्लॅक संस्थेला दिलेले. आपल्याकडे एक संस्था दुसरीला काय देते? कोर्टाची नोटीस! असो.

१९५० साली या संघाची जबाबदारी एड टेम्पल या तेवीस वर्षांच्या तरुणावर आली. पेनसिल्व्हेनियातल्या हॅरिसबर्गचा हा मुलगा, याच कॉलेजातून नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला. पगार महिना १५० डॉलर. तोही फक्त प्रशिक्षकाच्या कामाचा नव्हता. कॉलेजचे पोस्ट ऑफिस सांभाळायचे, पुढचे शिक्षण घ्यायचे आणि उरलेल्या वेळात मुलींना पळवायचे. पोस्टाच्या कामात पत्नी चार्ली बी. टेम्पल यांनी हातभार लावला, मुलींच्या आईची जागाही त्यांनीच घेतली. ट्रॅक मातीचा होता, धड पूर्णही झालेला नव्हता. पुढे टेम्पल यांनी याच कॉलेजात समाजशास्त्र शिकवले. मला हे फार महत्त्वाचे वाटते. तो माणूस फक्त शिट्टी वाजवणारा नव्हता, आपल्या मुली कुठून येतात आणि का येतात हे समजणारा शिक्षक होता.

मुलींना क्रीडा शिष्यवृत्ती नव्हती. गोऱ्या विद्यापीठात फुटबॉल खेळणाऱ्या मुलाला सगळे मिळायचे, इथल्या ऑलिम्पिकपटू मुलीला रोज दोन तास कॉलेजात काम करून फी भागवावी लागे. कुणी कार्यालयात, कुणी टेम्पल यांच्या पोस्टात. स्पर्धेला जायचे तर मोटारगाडी, आणि चालवणारे बहुतेक वेळा स्वतः टेम्पल. शेकडो मैलांचा प्रवास. वाटेतल्या हॉटेलात काळ्यांना जेवण नाही, पेट्रोल पंपावरचे स्वच्छतागृह काळ्यांना नाही. म्हणून डबे बांधून घ्यायचे आणि शौचाला रानात जायचे. देशासाठी धावणाऱ्या मुलींना देशाचा संडास बंद! पाण्याच्या तळ्यासाठी महाडला सत्याग्रह करावा लागलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

आता बांधणी कशी झाली ते नीट पाहा.

टेम्पल यांनी सर्वांत आधी नजर खाली, शाळांकडे वळवली. दक्षिणेतल्या ब्लॅक शाळांमधल्या मुली हेरायच्या आणि उन्हाळ्यात कॉलेजच्या आवारात बोलवून घ्यायच्या. राहणे, जेवणे, सराव सगळे तिथेच. दिवसातून तीन वेळा पळायचे आणि सुरुवातीला वेग नाहीच. आधी शेतांतून, कुरणांतून लांब पल्ल्याची धाव. छाती तयार झाली, पाय तयार झाले की मग सुरुवात, वळण, बॅटन. वेळेचा नियम कडक. जितकी मिनिटे उशीर तितके जादा फेरे. विल्मा रुडॉल्फ एकदा अर्धा तास झोपून राहिली, तिला तीस फेरे मारावे लागले. दुसऱ्या दिवशी ती वेळेआधी हजर होती.

विल्मा ही क्लार्क्सव्हिलच्या गरीब कुटुंबातली. वडिलांच्या दोन लग्नांतून झालेल्या बावीस मुलांमधली विसावी. आई गोऱ्यांच्या घरी कामाला. पोलिओने डावा पाय लुळा पडला. गावातल्या दवाखान्यात काळ्यांवर इलाज होत नसे, म्हणून आई तिला बसच्या मागच्या बाकांवर बसवून पन्नास मैलांवरच्या नॅशव्हिलला नेई. तिथे मेहॅरी हे ब्लॅक वैद्यकीय कॉलेज होते. आता सांगा, विल्माचा पाय 'जिद्दी'ने बरा झाला का? आईचे कष्ट होतेच, भावंडांची मालिश होतीच. पण ब्लॅक समाजाचे स्वतःचे रुग्णालय नसते तर? आणि पंधरा-सोळाव्या वर्षी ब्लॅक कॉलेजचे उन्हाळी शिबिर नसते तर? दोन्ही वेळा तिला उचलून धरले ते संस्थेने.

दुसरी गोष्ट, थोरल्यांनी धाकट्यांना घडवणे. न्यूयॉर्कहून आलेली मे फॅग्स तोवर दोन ऑलिम्पिक खेळलेली होती. तिने संघातल्या पोरींना मोठ्या स्पर्धेत कसे उभे राहायचे ते शिकवले. १९५६ ला मेलबर्नमध्ये अमेरिकेच्या ४ बाय १०० रिले संघाने कांस्य जिंकले. मे फॅग्स, मार्गारेट मॅथ्यूज, इझाबेल डॅनियल्स आणि शाळकरी विल्मा, चौघीही टेम्पल यांच्या हाताखालच्या. चार वर्षांनी रोमला हाच प्रकार सोन्याचा झाला. मार्था हडसन, लुसिंडा विल्यम्स, बार्बरा जोन्स, विल्मा रुडॉल्फ, चौघी टेनेसी स्टेटच्या. विल्माने १०० आणि २०० मीटरही जिंकले. १९६४ ला टोकियोत वायोमिया टायसने १०० मीटर आणि एडिथ मॅग्वायरने २०० मीटर जिंकले. रोम आणि टोकियो मिळून अमेरिकन महिलांनी मैदानी खेळांत एकूण पाच सुवर्णपदके मिळवली. पाचही एकाच गरीब कॉलेजची! एवढा मोठा देश, एवढी श्रीमंत विद्यापीठे आणि सोने येते कुठून? अर्धवट मातीच्या ट्रॅकवरून.

तिसरी गोष्ट, पदवी. ही गोष्ट मला पदकांपेक्षा मोठी वाटते. टेम्पल यांनी ४० ऑलिम्पिकपटू घडवल्या. त्यांनी २३ पदके जिंकली, त्यात १३ सुवर्ण. आणि त्या ४० पैकी ३९ जणींनी पदवी पूर्ण केली. पळणे हे दार होते, मुक्काम नव्हता. कित्येक जणी पुढे शिक्षिका झाल्या, प्रशिक्षक झाल्या. 'शिका' हा शब्द त्या ट्रॅकवर कुणी लिहिलेला नव्हता, पण पाळला जात होता.

आता त्या 'अंगातच असते' वाल्यांकडे वळू. त्यांचा एक लाडका तर्क होता की काळी माणसे फक्त झटपट धावतात, लांब पल्ल्याला लागणारा दम आणि डोके त्यांच्याकडे नसते. १९६८ ला मेक्सिको सिटीत टेनेसी स्टेटच्या मॅडलिन मॅनिंगने ८०० मीटर जिंकून ऑलिम्पिक विक्रम केला. बायकांना झेपत नाही म्हणून जी शर्यत बंद केली होती, काळ्यांना जमत नाही म्हणून जिचे नाव घेतले जात होते, नेमकी तीच! सिद्धांत कोसळला का? नाही. आज केनिया-इथिओपियाचे धावपटू लांब पल्ल्यात जिंकतात तेव्हा तीच मंडळी म्हणतात, यांच्या अंगातच दम असतो. म्हणजे निकाल काहीही लागो, श्रेय रक्ताला. कष्टाला नाही, बुद्धीला नाही, संघटनेला तर नाहीच. यालाच जातीचे डोके म्हणतात. ते कोणत्याही देशात असू शकते.

इथे कुणी विचारेल, हे सगळे खेळापुरतेच ना? चळवळीशी काय संबंध? तर १९६० ची फेब्रुवारी आठवा. नॅशव्हिलच्या दुकानांतल्या खाण्याच्या काउंटरवर काळ्यांना बसू देत नसत. शहरातल्या ब्लॅक कॉलेजांचे विद्यार्थी तिथे जाऊन शांतपणे बसले. मार खाल्ला, तुरुंगात गेले आणि मे महिन्यात ते काउंटर खुले झाले. त्यात टेनेसी स्टेटचेही विद्यार्थी होते. पुढच्या वर्षी आंतरराज्य बसमधला भेद मोडायला निघालेल्या 'फ्रीडम रायडर्स'मध्ये सामील झाल्याबद्दल याच कॉलेजने आपल्या १४ विद्यार्थ्यांना काढून टाकले. होय, ब्लॅक कॉलेजने! पैसा राज्याचा होता, म्हणून मान झुकली. आपल्या संस्थांबद्दलही आपण भाबडे राहू नये, म्हणून हे सांगितले.

त्याच १९६० च्या ऑक्टोबरात विल्मा रोमहून गावी परतली. क्लार्क्सव्हिलने मिरवणूक ठरवली. रिवाजाप्रमाणे गोरे-काळे वेगळे. वीस वर्षांची विल्मा म्हणाली, वेगळे बसवणार असाल तर मी येणार नाही. गाव झुकले. त्या गावाच्या इतिहासात गोरे आणि काळे प्रथमच एका मिरवणुकीत चालले, एका मेजवानीत जेवले. ॲलिस कोचमनला १९४८ ला जे सोसावे लागले ते विल्माने १९६० ला नाकारले. मधल्या बारा वर्षांत चळवळ झाली होती. पदकाने मान ताठ होत नाही, चळवळीने होते. पदक फक्त ते जगाला दाखवते.

१९६८ ला वायोमिया टायसने १०० मीटरचे सुवर्ण पुन्हा जिंकले. लागोपाठ दोन ऑलिम्पिकमध्ये ही शर्यत जिंकणारी ती जगातली पहिली व्यक्ती, पुरुषांतसुद्धा. त्याच मेक्सिकोत टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी काळा हातमोजा घातलेली मूठ उगारली आणि त्यांना घरी पाठवले गेले. टायसने रिलेमधले आपले सुवर्ण त्या दोघांना अर्पण केल्याचे जाहीर केले. मूठ जगाला आठवते, टायस आठवत नाही. बाईने केलेला निषेध इतिहासाच्या तळटीपेत जातो, हे तिथेही खरे आणि आपल्याकडेही.

टेम्पल यांच्यावर टीकाही करायला हवी. शर्यत संपली की केस नीट, चेहरा पुसलेला, मगच छायाचित्र, असा त्यांचा आग्रह असे. वागण्या-बोलण्यावर, मुलांसोबत गाडीतून फिरण्यावर बंधने होती. कारण समजते. वर्तमानपत्रे धावणाऱ्या बाईला 'पुरुषी' म्हणत आणि काळ्या बाईला तर दुप्पट हिणवत. पण उत्तर म्हणून पुन्हा मुलींनाच 'सभ्य' दिसायला लावणे म्हणजे हिणवणाऱ्याची मोजपट्टी मान्य करणे. आपल्या वस्तीत हाफ पँट घालून पळणाऱ्या मुलीला "लग्न कोण करेल" म्हणणारे आपलेच असतात. टेम्पल यांच्याकडून शिस्त घ्यावी, ही मोजपट्टी घेऊ नये.

आणि शेवट? १९७२ साली अमेरिकेत 'टायटल नाइन' हा कायदा आला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींशी भेदभाव करायला बंदी. चांगला कायदा. पण मग श्रीमंत गोऱ्या विद्यापीठांनी मुलींच्या खेळावर पैसा ओतला आणि ज्या काळ्या मुलींना पूर्वी दारात उभे करत नव्हते त्यांना पूर्ण शिष्यवृत्ती देऊन नेले. मुलींचे भले झाले, पण ज्या कॉलेजने हे शेत नांगरले ते मागे पडले. टेम्पल १९९४ पर्यंत तिथेच राहिले, २०१६ ला वारले. २०२१ मध्ये टेनेसी विधिमंडळाच्या समितीनेच मान्य केले की राज्याने या विद्यापीठाला द्यायचे १५ कोटी ते ५४ कोटी ४० लाख डॉलर वर्षानुवर्षे दिलेच नाहीत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने हिशेब मांडला तो तर २१० कोटी डॉलरचा. म्हणजे ज्या वर्षांत त्या मुली देशाला सुवर्ण आणून देत होत्या, त्याच काळातही देश त्यांच्या हक्काचे पैसे खिशात ठेवत होता. अर्धवट ट्रॅक हा गरिबीचा नव्हता, चोरीचा होता. शिष्यवृत्तीची वाट पाहत वसतिगृहात बसलेल्या आपल्या पोरांनी हे वाक्य पुन्हा वाचावे.

आपल्या देशात सर्वोत्तम प्रशिक्षकाला जो राष्ट्रीय पुरस्कार मिळतो त्याचे नाव काय? द्रोणाचार्य. ज्याने एकलव्याला शिकवले नाही आणि न शिकवलेल्या विद्येची फी म्हणून अंगठा मागितला, तो आपला आदर्श गुरू! आणि एकलव्याची गोष्टही आपल्याला 'जिद्दी'ची म्हणूनच सांगतात. पुतळ्यासमोर एकट्याने सराव केला म्हणे. आपणही त्याच गोष्टीवर खूश होतो. एकट्याने शिकलेल्या एकलव्याचा अंगठा गेला, कारण त्याच्यामागे संस्था नव्हती, संघ नव्हता, त्याच्या बाजूने उभा राहणारा गुरू नव्हता. हजार एकलव्य जन्माला आले तरी अंगठेच जमतील.

मी 'एड टेम्पल हवा' म्हणतो तेव्हा आणखी एक पुतळा उभारा असे म्हणत नाही. व्यक्तिपूजेचा धोका बाबासाहेबांनी संविधान सभेत सांगून ठेवला आहे. टेम्पल म्हणजे एक पद्धत. शाळेतली मुलगी हेरा, उन्हाळ्यात एकत्र आणा, खाऊ घाला, थोरलीला धाकटीची जबाबदारी द्या, वेळ पाळा, पदवी पूर्ण करून घ्या आणि हक्काच्या पैशाचा हिशेब मागत राहा. यातले पहिले सहा आपल्या विहारात, आपल्या वसतिगृहात उद्यापासून सुरू करता येतात. सातव्यासाठी रस्त्यावर उतरावे लागेल. दोन्ही एकाच वेळी करायचे.

त्या सत्काराच्या दिवशी मी पाहुण्यांना काही बोललो नाही. हा लेख हेच माझे उत्तर. साहेब, आमच्या अंगात काही नसते. तुमच्या अंगात असते तेवढेच असते. फरक एवढाच की तुमच्या मुलांना ट्रॅक मिळाला, आमच्या मुलांना रस्ता.

उद्या पहाटे पाच वाजता मी त्या रस्त्यावर घड्याळ घेऊन उभा राहणार आहे. तुमच्या वस्तीत कोण उभे राहणार?

जय भीम!